पाचवे आसन

एका राज्यात राजवाड्याहून उंच अशी एकच वास्तू होती. तिचे नाव पंचासन. तिथे दगडाची पाच आसने होती आणि त्यांवर राज्याचे पाच श्रेष्ठ न्यायाधीश बसत. गावातला तंटा प्रथम गावच्या न्यायसभेपुढे जाई. तिथे समाधान झाले नाही तर परगण्याच्या न्यायसभेपुढे, आणि तिथेही मिटला नाही तर पंचासनापुढे. पंचासनाच्या पुढे केवळ परमेश्वर.

पाचांत जो सर्वांत जुना, तो प्रमुख. परंतु त्याचे मत एकच, इतरांच्या मताइतकेच वजनाचे. निर्णय सांगताना सर्वांत नव्याने आधी बोलावे आणि प्रमुखाने शेवटी, म्हणजे थोराच्या शब्दाची सावली धाकट्यावर पडत नाही. एखादे आसन रिकामे झाले की उरलेल्या चौघांनी तीन नावे सुचवावीत आणि राजाने त्यांतले एक निवडावे. चौथे नाव राजाने उच्चारू नये. निवड झाली की राजाने स्वहस्ते नव्या न्यायाधीशाचे पाय धुवावेत, नमस्कार करावा, आणि नव्या न्यायाधीशाने वाकून राजाला प्रतिनमस्कार करावा. असे दोन पिढ्या चालत आले होते. त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नव्हते.

त्या राज्याचा राजा धृतवर्मा. त्याला पद्मरेखा नावाची एकच कन्या. एके सकाळी तिचे पाऊल दगडाचे झाले. मग पोटऱ्या, मग गुडघे. पायातले पैंजणही दगडाचे झाले आणि त्यांचा नाद बंद पडला. वैद्यांनी लेप लावले, ब्राह्मणांनी अनुष्ठाने केली. दगड कंबरेपर्यंत चढला.

तेव्हा कुहक नावाचा मांत्रिक दरबारी आला. तो म्हणाला, "महाराज, शंखतळ्याच्या तळाशी एक रत्न आहे. ते राजकन्येच्या कपाळी लावले की दगड वितळेल. मात्र तळ्यात पाणी आहे तोवर ते कोणाच्या हाती लागणार नाही. बांध फोडावा."

राजाने पुढचा विचार केला नाही. तो राजा होता, पण त्या घटकेला केवळ बाप होता. त्याने बांध फोडण्याची आज्ञा दिली.

तळ्याकाठी भोयांची वस्ती होती आणि बांधाखाली कित्येक गावे. भोयांत सर्वांत वडील तानाई. ती बांधावर जाऊन बसली आणि कुदळवाल्यांना म्हणाली, "आधी मला खणा, मग माती." निकालापर्यंत कुदळी थांबल्या, आणि ती राजाविरुद्ध दाद मागायला गेली. गावच्या न्यायसभेने बांध राखावा असे सांगितले. परगण्याच्या न्यायसभेने तो फोडावा असे सांगितले. वाद पंचासनापुढे आला. पाचवे न्यायाधीश नुकतेच देवाघरी गेले होते. उरलेल्या चौघांत दोन मते राजाकडे पडली, दोन तानाईकडे. आता ज्याला राजा निवडील, त्याच्या मुखात वादाचा शेवट होता. चौघांनी तीन नावे पाठविली.

पंचासनाच्या महाद्वारावर एक साळुंकी राहत असे. ती राजाच्या आजोबांच्या काळापासून तिथे होती आणि मनुष्यवाणीने बोले. राजा महाद्वाराखाली आला तेव्हा ती म्हणाली, "तिघांना भेट, पारख. पण चालू वादाविषयी एक अक्षर विचारू नकोस. तो तुझा अधिकार नाही."

"समजले," राजा म्हणाला. त्याला समजले होते. तरीही त्याने व्यापाऱ्याचा वेष घेतला, कारण राजाच्या तोंडी जो प्रश्न शोभला नसता तो व्यापाऱ्याच्या तोंडी खपला असता.

पहिले श्रुतकीर्ती शास्त्री. त्यांच्या घरी पोथ्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. राजाने विचारले, "आपल्या मुलीच्या प्राणांसाठी एखाद्या राजाने तळे फोडले, तर?"

"भूमी राजाची, जल राजाचे. यात वाद तो कसला?" शास्त्री म्हणाले, आणि व्यापाऱ्याच्या बोटातली राजमुद्रा पाहून मंद हसले.

दुसरे भीमदेव, परगण्याचे जुने न्यायाधीश. ते प्रश्न पुरता ऐकेनात. "राजाविरुद्ध आहे ना? मग राजा हरला. मी राजे पुष्कळ पाहिले आहेत. सारे एका मातीचे."

"आणि ती मुलगी?"

"कोणती मुलगी?" भीमदेवांनी विचारले.

तिसरी विशाखा. ती डोंगरातल्या एका मठीत शिष्यांना धर्मशास्त्र शिकवीत असे. राजा पोहोचला तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने त्याला आधी जेवू घातले. मग प्रश्न ऐकून विचारले, "हा वाद कुठे चालू आहे का?"

"पंचासनापुढे."

"तर मला त्याविषयी कान नाहीत. पाणी हवे का आणखी?"

राजाचा धीर सुटला. "बाई, ती मुलगी माझी आहे. तिचा दगड काल छातीला लागला."

विशाखेच्या डोळ्यांना धार लागली. तिने चुलीपुढून उठून देवापुढे दिवा लावला, मुलीचे नाव विचारून घेतले आणि तिच्यासाठी हात जोडले. परंतु उत्तर दिले नाही. राजा निघाला तेव्हा तिने वाटेसाठी भाकरी बांधून दिली. तेव्हाही दिले नाही.

राजा परतला. कुहक वाट पाहत होता. "महाराज, श्रुतकीर्तींना निवडा. उद्या राजकन्या चालू लागेल."

राजा कन्येपाशी गेला आणि काहीही न लपवता तिला सर्व सांगितले. पद्मरेखेचा श्वास कष्टाने चालत होता.

"बाबा, तिघांपैकी माझे नाव कोणी विचारले?"

"विशाखेने."

"म्हणजे काय पणाला लागले आहे ते तिलाच पुरते कळले, आणि तरीही ती बोलली नाही. मला तिच्यापुढे न्या. इतर दोघांनी मला न पाहताच माझा निकाल लावला आहे. शास्त्रीबुवांचा गोड आहे इतकेच."

राजाने तिच्या दगडी पावलांवर हात ठेवला. मग उठला आणि त्याने विशाखेचे नाव उच्चारले.

निवडीच्या दिवशी पंचासनात पाय ठेवायला जागा नव्हती. राजाने विशाखेचे पाय धुतले आणि नमस्कार केला. विशाखा आसनावर ताठ बसून राहिली. तिचे हात मांडीवरून हलले नाहीत.

सभेत गलका झाला. "महाराजांचा अपमान!" प्रधान ओरडले. "बाई, प्रतिनमस्कार!"

"मी जे शास्त्र शिकवते त्यात तो नाही," विशाखा म्हणाली.

महाद्वारावरून साळुंकी बोलली, "बाई बरोबर सांगते. मूळ नियम असा, की पंचासनाच्या न्यायाधीशाने कुठेही, कोणाच्याही नमस्काराला उत्तर देऊ नये. त्याचे हात केवळ देवापुढे जुळावेत."

"मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?" प्रधानांनी दरडावले.

"विचारले कोणी?" साळुंकी म्हणाली आणि चोचीने पंख साफ करू लागली.

इतर चौघांनी माना खाली घातल्या. वाद सुरू झाला. राजकन्येची पालखी सज्जात ठेवली होती. विशाखा प्रथम बोलली. "या वादाविषयी विचारायला एक प्रवासी माझ्याकडे आला होता. मी त्याला उत्तर दिले नाही. तरी तानाईची हरकत असेल, तर मी या आसनावरून उठते."

"कोण होता तो मेला?" तानाईने विचारले.

राजा उभा राहिला. "मी होतो."

तानाईने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "लेकीचा बाप ना तू? मीही गेले असते." मग ती विशाखेकडे वळली. "उत्तर दिलं नाही ना? मग बसा बाई. उठू नका."

विशाखेने कुहकाला पुढे बोलावले. "त्या रत्नाने पूर्वी कोणाचा दगड वितळला आहे काय?"

"मंत्र खोटा नसतो."

"मी मंत्राविषयी विचारले नाही. तू पाहिले आहेस काय?"

कुहक दंडावरचा ताईत चाचपू लागला.

"कन्येला गुण आल्यावर रत्न कोणाकडे राहील?"

"माझ्याकडे. तीच माझी दक्षिणा."

विशाखेने डोळे मिटले. ती बोलू लागली तेव्हा तिचा आवाज कापत होता, शब्द मात्र ठाम होते. "या मुलीसाठी मी रोज देवापुढे हात जोडते, यापुढेही जोडीन. परंतु बांधाखालच्या घरांतही मुली आहेत. ज्याला रत्न हवे, त्याच्या एकट्याच्या शब्दावर त्यांना बुडवता येणार नाही. बांध राहील."

मग इतर क्रमाने बोलले, प्रमुख शेवटी. तीन मते तानाईकडे पडली, दोन राजाकडे. राजा आपल्याच राज्यात हरला.

कुहक त्याच्या कानाशी लागला. "महाराज, सेना आपली आहे. एक शब्द पुरे."

राजाने सज्जाकडे पाहिले. दगड कन्येच्या गळ्याशी आला होता. त्याने डोक्यावरचा मुकुट उतरवून भूमीवर ठेवला, पाच आसनांपुढे गुडघे टेकले आणि कपाळ फरशीला लावले. चार न्यायाधीशांचे हात सवयीने उचलले गेले. ते विशाखेकडे पाहून थबकले आणि पुन्हा मांडीवर आले. कोणीही प्रतिनमस्कार केला नाही.

त्या शांततेत सज्जातून पैंजण वाजले.

राजाने मान वर केली. पद्मरेखा पालखीबाहेर उभी होती. तिने एक पाऊल टाकले, मग दुसरे.

तेव्हा साळुंकीने उरलेले सांगितले. "राजा, तुझ्या आजोबांनी ते रत्न देऊन एक निर्णय विकत घेतला होता. तो न्यायाधीश रत्न घेऊन त्यांच्यापुढे वाकला आणि त्या निर्णयाने एक निरपराध फासावर गेला. त्याच्या मातेने शाप दिला, की जिथे न्याय राजापुढे वाकतो, तिथे चौथ्या पिढीपासून राजाचा वंश दगड होईल. राजा हरून न्यायापुढे वाकेल, आणि न्याय वाकणार नाही, तेव्हाच सुटेल. न्यायाधीशाने पुढे भयाने रत्न तळ्यात टाकले, पण वाकण्याची रीत मागे राहिली. हे आधी सांगितले असते, तर तू मुलीसाठी वाकला असतास, न्यायासाठी नव्हे. शाप तसा सुटत नाही. ते रत्न आता साधा खडा झाले आहे. तळाशी विकत घेण्याजोगे काही उरले नाही."

लोक कुहकाला शोधू लागले, तेव्हा रत्नाबरोबर त्याचेही बळ विझले होते; त्याच्या जागी मूठभर राख होती. झाडणाऱ्याने ती झाडून टाकली.

राजाने त्याच दिवशी बांध अधिक भक्कम करण्याची आज्ञा दिली आणि प्रतिनमस्काराची रीत बंद झाली.

महाद्वाराशी तानाईने विशाखेला वाकून नमस्कार केला. विशाखा पुढे बघत निघून गेली. तानाई राजाला म्हणाली, "लेकीला घेऊन तळ्यावर ये रे राजा, मासे खाऊ घालते. ही बाई काही यायची नाही. हिनं तुला दिला नाही नमस्कार, मलाही नाही दिला." आणि ती मोठ्याने हसली. पुष्कळ वर्षांनी त्या राज्यात कोणी न्यायमंदिरातून बाहेर पडताना असे हसले होते.

ज्याने त्या दगडाला पाऊल दिले, तो परमेश्वर तुमच्या राज्यातही आसनाबाहेर निकाल न बोलणारी मुखे आणि न जुळणारे हात निर्माण करो.