सोळा खुंटांचा बांध

बायांनो, बाप्यांनो आणि मांडीवरच्या पोरांनो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर माझ्या जिभेला फोड येवो. मी स्वतः त्या बांधावर उभा होतो. म्हणजे, माझा जन्म व्हायचा होता अजून. पण बांध उभा होता, आणि त्यानंच मला सांगितलं. बांध बोलत नाहीत म्हणता? बरं, मग खेकड्यानं सांगितलं असेल. पुढे ऐका.

फार जुन्या काळी, समुद्र आजच्याइतकाच खारट आणि माणसं आजच्याहून थोडी जास्त घाबरट होती तेव्हा, एका खाडीच्या काठाला एक गाव होतं. खाडी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध होता. बांधाच्या आत गावाचं सगळं भात आणि गोड्या पाण्याची एकच विहीर. बांधाच्या बाहेर भरती.

गावात सतरा घरं. म्हणून बांधाचे सतरा वाटे, आणि दोन वाट्यांच्या मध्ये एकेक लाकडी खुंट, असे सोळा खुंट. ज्यानं त्यानं आपला वाटा राखायचा. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. लावला तर तो त्या घराचा अपमान. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की ज्याच्या वाट्यातून पाणी आत शिरेल, त्या घरानं सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं. बरोबर काय न्यायचं? चुलीतला निखारा, एका मडक्यात.

पूर्वी घरं वीस होती. तीन घरं अशीच गेली.

तिसरं घर गेलं तेव्हा येसू लहान होती. तिला ते अजून दिसे. पुढे मडकं घेतलेली बाई, मागे तिची माणसं, मडक्यातून निघणारा धूर. प्रत्येक दारासमोर थांबून ती बाई म्हणाली, “येतो हं.” आपल्यात अशा वेळी “या” म्हणतात. वैऱ्यालासुद्धा म्हणतात. पण त्या दिवशी एकाही दारातून “या” आलं नाही. येसूच्या आईनं तर येसूच्याच तोंडावर हात दाबून धरला होता.

त्या हाताचा दाब येसूच्या तोंडावर कायम राहिला. ती मोठी झाली, लग्न होऊन त्याच गावात चार घरं पलीकडे गेली, नवरा गलबतावर गेला, आणि सासू व बांध तिच्या गळ्यात पडले. दोघांपैकी बांधाला ती जास्त भ्यायची. पण थोडीशीच जास्त.

भ्यायचे सगळेच. भरतीला नव्हे हो, शेजाऱ्याला. शेजाऱ्याचा वाटा आपल्याहून वीतभर उंच झाला तर पाणी आपल्याकडूनच शिरणार. म्हणून शेजारी जेवायला बसला की माणसं वीत टाकत त्याचा बांध मोजायची, आणि आपल्यावर दोन टोपल्या चढवायची. तो हात धुऊन बाहेर यायचा, बघायचा आणि तीन चढवायचा. “तुमचा बांध छान झालाय हो,” असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला त्या दिवशी अन्न गोड लागत नसे.

खेकड्यांचं तर विचारूच नका. खेकडा बांधाला भोक पाडतो, हे शेंबडं पोरही जाणतं. दुसऱ्या गावचे लोक खेकडा धरतात आणि कालवण करतात. हे लोक काठी घेऊन त्याला खुंटापलीकडे, शेजाऱ्याच्या वाट्यात हाकलायचे. शेजारी पुढच्या वाट्यात हाकलायचा. त्या बांधावरच्या खेकड्यांएवढा प्रवास त्या काळी व्यापाऱ्यांनीही केला नसेल.

येसूच्या शेजारचा वाटा बाबल आजाचा. म्हातारा, गुडघे गेलेले, घरात दुसरं माणूस नाही. त्याचा वाटा सगळ्या बांधात सर्वांत सखल होता, आणि सगळे खेकडे हिंडून हिंडून शेवटी तिथेच मुक्कामाला येत. काही येसूनंही हाकलले होते. किती, ते तिनं मोजलं नव्हतं.

मग भाद्रपदातल्या अमावस्येचं उधाण आलं.

सकाळपासून पश्चिमेकडून वारा सुटला होता. आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं. दुपारी पाणी पूर्ण चढणार होतं, पण दिवस हातभर वर येतो न येतो तोच ते बांधाच्या पायाला लागलं. खाडीतला चिखल, ज्यानं बांध लिंपायचा, तो केव्हाच पाण्याखाली गेला. सतरा घरांची माणसं आपापल्या वाट्यावर येऊन उभी राहिली. जो तो शेजाऱ्याच्या पायाकडे बघत होता.

बाबल आजा आपल्या वाट्यावर बसला होता. त्याच्याशेजारी मडकं होतं. मडक्यातून धूर येत होता.

एवढ्यात आजाच्या वाट्यातून एक खेकडा निघाला आणि खुंट ओलांडून तिच्याकडे येऊ लागला. तिनं सवयीनं काठी उचलली.

“मार बाई, मार,” खेकडा म्हणाला. “इकडून हाकल, तिकडून हाकल. सतरा वाटे पालथे घालून झाले माझे.”

येसूची बोबडी वळली. “तू... तू बोलतोस?”

“कुणी विचारलं नव्हतं म्हणून गप्प होतो. ते जाऊ दे. बांध बाहेरून तुम्ही बघता, आतून मी बघतो. खुंट वरच्यावर ठोकलेत. आत सगळा चिखल एकच आहे. म्हाताऱ्याच्या वाट्यात माझी सात बिळं. त्यातल्या दोहोंचं दुसरं तोंड तुझ्याकडे उघडतं. आता पाणी कुणाच्या वाट्यातून शिरलं, ते तूच ठरव.”

“मग मी काय करू?”

“मला तिरकं चालता येतं, सल्ला देता येत नाही,” खेकडा म्हणाला आणि निघून गेला.

येसूनं पाण्याकडे बघितलं. ते आणखी वीतभर चढलं होतं. चिखल कुठे उरला होता? फक्त बांधाच्या माथ्यावर. तिच्या स्वतःच्या वाट्याच्या माथ्यावर, जिथे तिनं तीन वर्षं एकेक टोपली चोरून चढवली होती.

तिनं फावडं घेतलं आणि आपलाच बांध उतरवायला लागली.

“अगो येसू!” गावचा नाईक तिकडून ओरडला. त्याचा वाटा इतका उंच होता की त्यावर चढलं की त्याला स्वतःचं छप्पर खाली दिसे. “वेड लागलं का तुला? तुझा वाटा खाली गेला! पाणी तुझ्यातून आलं तर नियम नियम आहे, सांगून ठेवतो!”

येसूचे पाय लटलटत होते. टोपली डोक्यावर घेऊन ती खुंटापाशी आली. त्या खुंटापलीकडे तिनं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. तिनं टाकलं.

बाबल आजा काठी घेऊन उठला. “हात लावू नकोस माझ्या बांधाला! मी काय भिकारी आहे?” मग जवळ येऊन हळूच म्हणाला, “परत जा पोरी. माझं मडकं भरलंय. तुझंही भरायचंय का?”

“आजा,” येसू म्हणाली, “मी टोपली टाकली की आपला दोघांचा बांध सारखा होईल. फुटला तर दोघं मिळून जाऊ. वाटेत बोलायला तरी कुणी असेल.”

तिनं टोपली पालथी केली. टोपली रिकामी झाली, आणि येसूच्या अंगातली सगळी भीती त्या चिखलाबरोबर खाली पडली. निदान मी तरी तुम्हाला तसंच सांगतोय.

पण बिळांचं काय? सात बिळांतून पाणी बुडबुडे काढत होतं. चिखल टाकावा तर वाहून जात होता. येसूनं इकडेतिकडे बघितलं. जाडजूड असं लाकूड तिथे एकच होतं. तिनं खुंटाला मिठी मारली, हलवला, उपटला, आणि उलटा करून सगळ्यांत मोठ्या बिळात ठोकला. बीळ बंद झालं.

सगळ्या बांधावरची माणसं वळून बघू लागली.

“मेले!” नाईक किंचाळला. “आता पाणी शिरलं तर कुणाच्या वाट्यातून शिरलं, हे कळायचं कसं?”

नाईकानं रागानं विचारलं होतं. पण सोळा घरांनी ते ऐकलं आणि सोळा घरांच्या डोक्यात एकदमच उजाडलं. खरंच की. कळायचं कसं?

सगळ्यांत आधी हलली ती येसूची सासू. तिनं आपल्या दुसऱ्या बाजूचा खुंट धरला, पण तो काही निघेना. तशी ती त्या पलीकडच्या शेजारणीवर ओरडली, “बघत काय बसलीस गो, माझं लग्न लागतंय का इथे? धर दुसरीकडून!” शेजारणीनं धरलं. दोन घरांचे चार हात एका खुंटाला लागले, असं त्या गावात पहिल्यांदाच झालं.

मग खुंट निघत गेले, बिळांत बसत गेले. उंच वाट्यांवरचा चिखल हातोहात सखल वाट्यांकडे निघाला. कोण कुणाच्या वाट्यात उभं आहे, ते कुणालाच सांगता येईना. नाईक शेवटचा खुंट पोटाशी धरून बसला होता. पाणी त्याच्या अंगठ्याला लागलं तेव्हा त्यानंही तो दिला.

भर दुपारी उधाण माथ्याला टेकलं. बांध थरथरला. माणसं एकमेकांना चिकटून बांधावर आडवी पडली. लाट पाठीवरून गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. येसूच्या तोंडात खारं पाणी होतं आणि मुठीत कुणाचा तरी हात. कुणाचा, ते तिनं वळून बघितलं नाही.

आणि मग पाणी बोटभर उतरलं. मग वीतभर.

बाबल आजानं मडक्यातला निखारा काढला आणि सगळ्यांना शेकायला आगटी पेटवली. नाईक भिजल्या मांजरासारखा बांधावर फिरत विचारत होता, “माझा वाटा कुठला रे?” कुणालाच सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

खाडीपलीकडच्या वाळूत तीन चुलींचा धूर दिसायचा. वर्षानुवर्षं दिसायचा, पण तिकडे बोट करायची पद्धत नव्हती. त्या संध्याकाळी येसू बांधावर उभी राहिली, तिनं तोंडाभोवती हात धरले आणि त्या धुराकडे बघून ओरडली, “या!”

पुढच्या ओहोटीला तीन मडकी परत आली. आता बांधाला वीस घरं आहेत आणि खुंट एकही नाही.

शपथ घेतली आहे, तेव्हा कुठली भर माझी ते सांगायला हवं. खेकडा बोलला, यात तिळभर खोटं नाही. खुंट सोळाच होते, तुम्ही मोजा. मी बनवलं ते एवढंच, की टोपली टाकताच येसूची भीती गेली. नाही गेली. पहिल्या टोपलीला नाही, पंधराव्या टोपलीला नाही, पाणी उतरल्यावरसुद्धा नाही. तिचे पाय शेवटपर्यंत लटलटत होते. तशाच पायांनी ती चालली.

तात्पर्य: भीती जाण्याची वाट बघत बसू नये, ती अंगात असतानाच पहिली टोपली उचलावी, आणि ती शेजाऱ्याच्या बांधावर टाकावी.