सत्काराचा नारळ

एकदा एक वयोवृद्ध आमदार निवृत्त व्हायला निघाले. सारा तालुका त्यांना अण्णा म्हणे. प्रदीर्घ सेवेत त्यांच्या प्रयत्नांतून शाळा उभ्या राहिल्या, धरण झाले, कोरड्या शिवारांत पाणी पोहोचले. परदेशात शिकून परतलेला एक तरुण त्यांच्या हाताखाली तयार होत होता. पुढची निवडणूक तोच लढवणार होता. त्याने मोठ्या श्रद्धेने धरणाच्या काठी अण्णांचा सत्कार योजला.

अण्णांनी मात्र जागाच बदलायला लावली. सत्कार ओढ्याकाठच्या जुन्या कोनशिलेपाशी व्हावा, असा त्यांनी हट्ट धरला. त्या शिलेवर पुलाच्या भूमिपूजनाची तारीख आणि अण्णांचे नाव होते. पूल कधी झालाच नव्हता. विरोधक हसतील, मतेही जातील, असे शिष्याने परोपरीने विनवले. अण्णा बधले नाहीत.

सत्काराच्या दिवशी पलीकडच्या वस्तीतली माणसे चपला हातात घेऊन पाण्यातून आली. एक म्हातारी ओला पदर पिळत म्हणाली, "सायेब, जाताना तरी येकदा पलीकडं येऊन जावा."

"मावशी, आता गुडघे ऐकत नाहीत."

"आमचे कुठं ऐकत्यात?"

लोक हसले. अण्णाही हसले, आणि शाल व नारळ त्यांनी तिच्याच हातून स्वीकारला. शिष्याची मान मात्र खाली गेली.

लोक पांगल्यावर त्याने विचारले, "अण्णा, एवढं केलंत, मग नेमकी हीच जागा का?"

"धरणावर तू माझं कौतुक ऐकलं असतंस. इथं तुला तुझं काम दिसलं," अण्णा शांतपणे म्हणाले. "काम सुरू करताना नारळ फोडायचा, हा आपला रिवाज. मीही इथं फोडला, टाळ्या घेतल्या. निधी दुसरीकडे वळला, तेव्हा पुढच्या वर्षी बघू म्हणत राहिलो. जे झालं ते आता लोकांचं आहे. जे राहिलं, ते या दगडावर माझ्या नावानं उभं आहे." सत्काराचा नारळ त्यांनी शिष्याच्या हाती ठेवला. "हा आज फोडू नकोस. ती म्हातारी कोरड्या पायांनी इकडे येईल, त्या दिवशी फोड."

"पण अण्णा, तोवर नारळ नासेल."

"म्हणून तर नारळ दिला. शाल कपाटात वर्षानुवर्षं टिकते."

शिष्याने चपला काढल्या, नारळ काखेत धरला आणि पलीकडच्या वस्तीकडे जायला तो पाण्यात उतरला.