येसाईचा दोर

फार वर्षांमागे, या डोंगराला धड पायवाटही नव्हती तेव्हा, पायथ्याच्या कातळी गावात येसाई आणि लिंबाजी हे नवराबायको दोर वळायचे. तो बसून फिरकी फिरवायचा, ती अंबाडीच्या सालीचे धागे, म्हणजे वाख, सोडत मागं मागं चालत जायची. अख्खी पंचक्रोशी त्यांच्या दोरानं पाणी शेंदायची.

एका सकाळी लिंबाजीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. वैद्य होता, पण वर पठारावर. तो म्हणाला, "रोज आणा. तेल चोळू, चालवू. निजून राहिला तर निजूनच राहील." गावानं लिंबाजीला झोळीत घालून थोडे दिवस वर नेलं. मग पेरण्या लागल्या आणि खांदे पांगले. गावाला तरी काय बोलणार, पोट सगळ्यांनाच असतं.

"येसाई, आता बसवून खाऊ घाल त्यास्नी," लोक म्हणाले. येसाई भडकली. तिनं फिरकी आणून नवऱ्याच्या लुळ्या हातात कोंबली.

"फिरवा, धनी. वैद्याच्या दारापतुर दोर न्यायचाय. त्योच धरून तुमी चढायचं."

फिरकी पडायची, ती उचलून द्यायची. पहिला दोर इतका सैल निघाला की पोरं हसली. तिनं तोच आधी दाराच्या खांबाला बांधला. मग रोज जेवढा दोर वळून व्हायचा, तेवढा पुढच्या झाडाला बांधायचा आणि लिंबाजीनं तो धरून तेवढंच चालायचं. असं म्हणतात, की संध्याकाळी संपलेला वाखाचा भारा सकाळी पुन्हा भरलेला असायचा. असंही म्हणतात, की झाडं आपण होऊन सरकली. मी काही ती सरकताना पाहिली नाहीत, पण वरपर्यंत एका ओळीत उभी आहेत खरी.

दोर वैद्याच्या दारी पोचला, तेव्हा लिंबाजीही आपल्या पायांनी पोचला. हात पुरता सुधारला नाही, जीभ शेवटपर्यंत अडखळत राहिली. वैद्यानं तेल चोळलं आणि विचारलं, "आता कुठं जायचं?"

लिंबाजी बराच वेळ शब्द जुळवत राहिला. "पारावर," तो म्हणाला. "मंडळीत."

येसाई तिथंच बसून रडली.

आजही कातळीत कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की घरोघरून वाख येतो. पहिली फिरकी दुखणाइतानंच फिरवायची, आणि त्यातून निघालेला सैल तुकडा कधी काढायचा नाही. अशा दोराला येसाईचा दोर म्हणतात. बांधण्याआधी गाव एवढंच विचारतं, "कुठं जायचंय?"

मागच्या साली अंगावरून वारं गेलेल्या यमुनाआत्यानं देऊळ सांगितलं नाही की दवाखाना नाही. जिच्याशी तिचं उभं वैर, त्या शेजारणीचं दार सांगितलं. गावानं तिथवर दोर बांधला. भांडण अजून मिटलेलं नाही, पण आता ते रोज एका ओट्यावर बसून होतं.