भिवाच्या मागचं बाक

“राग आला का, गुरुजी?”

परुळेकर गुरुजी मांडीवरचं व्यंगचित्र न्याहाळत राहिले.

दिगंबर साटमची व्यंगचित्रं आता वर्तमानपत्रांत छापून येत. शाळेच्या दिवसांवर त्याने काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन उद्या कुडाळात भरणार होतं. ज्यांनी पेन्सिल धरायला शिकवली त्या गुरुजींचा आशीर्वाद घ्यायला तो आला होता. खरं म्हणजे, शाबासकी घ्यायला.

चित्रात गुरुजीच होते. खुर्चीत घोरणारे, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेले. समोर वर्गातली मुलं. कुणाचे कान सुपाएवढे, कुणाच्या नाकाला शेंबूड. त्यांच्यात एक मुलगा पुस्तक धरून उभा होता आणि त्याच्या तोंडातून एकच अक्षर दहा वेळा बाहेर पडत होतं.

गुरुजींचं बोट त्याच्यावर थांबलं.

“हा भिवा ना?”

“हो, तोतरा भिवा. ज्याला दाखवलं तो यालाच सगळ्यात जास्त हसला.”

“त्याने शाळा का सोडली, आठवतं?”

दिगंबरने मान खाली घातली. भिवा वाचायला उभा राहिला की त्याची नक्कल कोण करायचं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गुरुजींना ठाऊक असेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

गुरुजींनी पेन्सिल मागून घेतली. चित्रातल्या आपल्या मिटलेल्या डोळ्यांवर त्यांनी सावकाश दोन उघडे डोळे काढले.

“मी झोपलो नव्हतो, दिगू. ऐकत होतो.”

गुरुजींनी पेन्सिलीचं टोक मुलांच्या चेहऱ्यांवरून फिरवलं.

“तू कुठे आहेस यात?”

“मी... मी काढणारा, गुरुजी.”

“बसायचास कुठे?”

“भिवाच्या मागे.”

गुरुजींनी पेन्सिल पुढे केली.

दिगंबरने भिवाच्या मागे एक मुलगा काढला. सरळ नाक, नीट भांग. बघितला आणि खोडला. पुन्हा काढला, पुन्हा खोडला. कागद तिथे मऊ पडला. शेवटी एक चेहरा उमटला: भिवाच्या मानेवर वाकलेला, ओठ वेडावणारे, आणि डोळे बाकीची मुलं हसताहेत की नाही ते बघणारे.

दिगंबरने पेन्सिल खाली ठेवली.

“हे बघून कुणी हसणार नाही, गुरुजी.”

गुरुजींनी चित्र त्याच्या हातात दिलं.

“मग उद्या प्रदर्शनाच्या दारात हेच लाव.”