आडवी फांदी

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांत वाटा पुष्कळ होत्या, पण वाटाड्यावाचून त्या कुणाला सापडत नसत.

डोंगराखालच्या नगरात तेलाचा एक व्यापारी राहायचा. सगळे त्याला शेट म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण संशयी म्हणजे किती? देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगायचा आणि मग तोंडात टाकायचा. साऱ्या जगात त्याचा विश्वास एकाच माणसावर होता, आपल्या म्हाताऱ्या आईवर.

आईची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती. वैद्याने सांगितलं होतं, "पुढच्या हिवाळ्यापर्यंत उजेड आणि अंधार तेवढा कळेल." तेव्हा आई म्हणाली, "बाळा, डोंगरातल्या तळ्यावर करकोचे उतरतात म्हणे, हजारोंनी. डोळे जायच्या आत मला एकदा ते बघायचेत."

शेटने डोंगरातला नावाजलेला वाटाड्या गाठला. वाटाड्या म्हणाला, "पाखरं परवा उडायची. उद्याच निघायला हवं. आजींच्या डोलीला माझी माणसं देतो, त्यांच्या पायाखालची वाट आहे."

झालं! शेटच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणसंही याचीच, आणि रानही याचंच? त्याने नगरातून आपले चार भोई आणले. त्या बिचाऱ्यांनी जन्मात रान पाहिलं नव्हतं.

सकाळी सगळे निघाले. चढ लागताच डोली मागे पडू लागली. वाटाड्या भोयांजवळ गेला, हळू आवाजात काहीतरी बोलला आणि परत येऊन म्हणाला, "शेट, पुढं काटेरी झुडपं माजलीत. मी जाऊन वाट मोकळी करतो. तुम्ही आजींसंगं सावकाश या."

'सावकाश का? आणि ती कुजबुज कसली?' शेटने मनात म्हटलं. तोंडाने एवढंच म्हणाला, "मी तुझ्याबरोबरच येतो."

वाटाड्या मधेच थांबून वारा हुंगायचा. हुंगण्याचा हक्क आपल्या एकट्याचाच, असं शेटला वाटत असावं, कारण त्याला तेही खटकलं. एका झाडाला वाटाड्याने लांबून वळसा घातला. त्या झाडावर आग्या मोहोळ लटकत होतं, पण शेटने वर पाहिलंच नाही. त्याचं सगळं लक्ष वाटाड्याच्या हातातल्या कोयत्यावर होतं.

पहिला फाटा आला. वाटाड्याने एक हिरवी फांदी तोडून एका वाटेवर आडवी टाकली आणि दुसरी वाट धरली. दुसऱ्या फाट्यावरही तेच केलं. शेट त्या फांदीकडे बघत राहिला. ही खूण कुणासाठी? दरोडेखोरांसाठीच, दुसऱ्या कुणासाठी असणार! विचारायला त्याने तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. चोर का कधी आपल्या तोंडाने 'मी चोर' म्हणतो?

तिसऱ्या फाट्यावर फांदी टाकून वाटाड्या पुढे झाला, तसा शेट रेंगाळला. त्याने ती फांदी उचलली आणि ते दोघे ज्या वाटेने चालले होते, त्या वाटेवर ठेवली. बसा आता शोधत, असं पुटपुटून तो खुशीत पुढे गेला.

दुपारी तळं आलं. सगळं तळं करकोच्यांनी गजबजलं होतं. पण डोली येईना. ऊन कलू लागलं, तसा वाटाड्या सारखा उठून वाटेकडे बघू लागला. शेवटी त्याने विचारलं, "शेट, वाटेतल्या फांद्यांना तुम्ही हात तर नाही लावला?"

"आधी तू सांग, त्या कुणासाठी टाकत होतास?" शेटने दरडावलं.

"आजींसाठी! फांदी आडवी असेल ती वाट बंद, असं भोयांना सकाळीच सांगून ठेवलंय. आजींचा डोळा लागला होता, म्हणून हळू बोललो."

शेट ताडकन उठला. "तिसऱ्या फाट्यावरची मी फिरवली."

"अहो, ती दुसरी वाट कड्यावर जाते!" वाटाड्या पळत सुटला. त्याच्या मागे शेट ठेचकाळत, आईच्या नावाने हाका मारत धावला.

कड्याच्या दहा पावलं अलीकडे डोली टेकवलेली होती. आई आत बसली होती, सुखरूप. पुढचा भोई कड्याकडे बोट दाखवत होता. तो म्हणाला, "मी सारखी तोंडावरची कोळ्याची जाळी पुसत होतो आन् वैतागत होतो. आजींनी ऐकलं. म्हणाल्या, 'माझा लेक आत्ताच या वाटेनं गेला, तर जाळी शाबूत कशी? मला शंका येते बाबांनो, थांबा, आधी बघून या.' मी काठी टेकत पुढं गेलो, तर खाली दरी!"

शंका आईलाही आलीच होती. तिने ती बोलून दाखवली, एवढंच.

मागे फिरेपर्यंत दिवस मावळला. फाट्यावरच मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोली तळ्यावर पोचली, तेव्हा तळं रिकामं होतं. पाण्यावर चार पिसं तरंगत होती.

आई रागावली नाही. ती म्हणाली, "असू दे रे. तू तर काल दुपारभर इथे होतास ना? मग तू सांग, कसे दिसत होते करकोचे? तू सांगशील ते मी खरं मानीन."

शेटने आठवून पाहिलं. वाटाड्याचे हात आठवले, कोयता आठवला, त्याच्या नखांतली मातीसुद्धा आठवली. पाखरू मात्र एकही आठवेना. हजारो करकोच्यांसमोर तो दुपारभर बसला होता आणि सारा वेळ वाटाड्यावर पाळत ठेवत होता. त्याने आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि लहान मुलासारखा रडला.

पुढच्या हिवाळ्यात करकोचे पुन्हा उतरले, पण तोवर आईचे डोळे गेले होते.

तात्पर्य काय, तर शंका आली की तोंडाने विचारावी. पोटात दडवलेली शंका आपल्याच माणसांची वाट चुकवते.