झिपऱ्याची खाज

एका बाजाराच्या गावात गेणूशेट नावाचा लाकडाचा व्यापारी होता. वेशीजवळ त्याची वखार होती आणि वखारीच्या राखणीला झिपऱ्या नावाचा कुत्रा होता. धनगराच्या कळपातून आणलेलं पिल्लू ते, वाढून वासराएवढं झालं. मानेभोवती अशी दाट आयाळ, की हात घातला तर बोटं दिसेनाशी व्हावीत. शनिवारच्या बाजाराला येणारे लोक त्याला बघायला वखारीपाशी थांबायचे. गेणूशेट तोंडाने म्हणायचा, कुत्रंच ते, त्यात काय बघायचं. आणि मनातून फुलून यायचा.

मग त्याला धास्ती वाटू लागली. इतके लोक बघतात, एखाद्याची दृष्ट लागली तर? वखारीच्या दाराला तो दर शनिवारी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवून बांधत असे. एका शनिवारी त्याने एक बिब्बा जास्तीचा घेतला, सुईने टोचून काळ्या दोऱ्यात ओवला आणि झिपऱ्याच्या गळ्यात, आयाळीच्या आत, कुणाला दिसणार नाही असा बांधला. पुढे दर शनिवारी दाराचा बिब्बा बदलला की कुत्र्याचाही बदलायचा, असा नेमच होऊन गेला.

पंधरा दिवसांत झिपऱ्या खाजवू लागला. आधी मान, मग कान, मग पोट, मागच्या पायाचं नख पोचेल ती सगळी जागा. केस गळाले, कातडी लाल झाली, तिला पाणी सुटलं. वखारीत कुणी शिरलं तरी तो मान वर करेना. बिचाऱ्याला खाजवण्यातून सवडच नव्हती.

गेणूशेटने हयगय केली असं मात्र म्हणता येणार नाही. गोचीड असतील म्हणून त्याने केसन् केस उलटून पाहिला. कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळी घातल्या. करंजाच्या तेलात गंधक खलून चोळलं. झोपायचं पोतं जाळलं, दूध बंद केलं, बाजरी सोडून ज्वारीची भाकरी घातली. आणि आंघोळीच्या वेळी गळ्यातला दोरा भिजू नये म्हणून तो जपून काढून खुंटीला अडकवायचा, कुत्रा वाळला की पुन्हा बांधायचा.

शेवटी तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी सगळं विचारून घेतलं. खातो काय, झोपतो कुठे, अंगाला काही नवीन लागलं आहे का. गेणूशेट म्हणाला, काही नाही. तो खोटं बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. दृष्टीच्या वस्तूला परक्याचा हात लागू द्यायचा नसतो, म्हणून डॉक्टर यायच्या आधीच त्याने दोरा काढून खिशात ठेवला होता. आणि बिब्बा तर राखणीचा. त्याचं नाव दुखण्याच्या गोष्टीत घ्यायचं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टर मलम देऊन गेले, आणि मलमावरून दोरा पुन्हा बांधला गेला.

गेणूशेट मग स्वतः पाळत ठेवून बसला. त्याला दिसलं की खाज शनिवारी संध्याकाळी भडकते आणि बुधवार-गुरुवारपर्यंत जरा उतरते. इथवर त्याचं डोकं नीट चाललं. शनिवारी नेमकं काय होतं, एवढंच आता शोधायचं होतं. शनिवारी त्याचेच दोन हात त्या मानेत जात होते. पण आपल्या हातांकडे कोण बघतो? त्याने समोरच्या घराकडे पाहिलं.

समोर अनसामावशीची भट्टी होती. ती चणे-फुटाणे भाजून बाजारात विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शनिवारी बाजार उठला की टोपलीत उरलेले फुटाणे ती झिपऱ्याला घालायची आणि तो खात असताना समोर बसून त्याच्याकडे बघत राहायची. आठवडाभरात तिचा आनंदाचा वेळ काय तो तेवढाच. गेणूशेटला मात्र त्यातल्या दोनच गोष्टींशी देणंघेणं होतं. शनिवार होता, आणि बाई टक लावून बघत होती.

पुढच्या शनिवारी भर बाजारात तो तिच्या टोपलीसमोर जाऊन उभा राहिला. आजवर तिला मावशी म्हणणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, "अनसे, माझ्या कुत्र्यावरची नजर काढ."

ती बावरून म्हणाली, "शेट, मी त्याला फुटाणे घातले. दुसरं काय केलं?"

लोकांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं कुणी ऐकलं नाही. एकाला आपली आटलेली म्हैस आठवली, दुसरीला लेकीचा ताप आठवला. मेल्या माणसालाही उठवून जाब विचारतील इतका पुरावा दुपारपर्यंत गोळा झाला. त्यानंतर फुटाण्यांची टोपली भरलेलीच घरी जाऊ लागली. बाया तिच्या समोरून जाताना पोरांच्या तोंडावर पदर ओढायच्या. तीन आठवडे तिने ते सोसलं. चौथ्या आठवड्यात, सोमवारी, कढई आणि चाळणी बोचक्यात बांधून ती दोन कोसांवर भावाच्या गावी निघाली. झिपऱ्या वेशीपर्यंत खाजवत खाजवत तिच्या मागे गेला. तिने वळून पाहिलं नाही. तिला बघायची बंदी होती ना.

गुरुवारी सोपान परीट गावात परतला. लेकीच्या बाळंतपणासाठी तो दोन महिने परगावी होता. वखारीत भट्टीसाठी जळण घ्यायला आला आणि झिपऱ्याला बघून तिथेच बसला. त्याने आयाळीत बोटं घातली, दोरा बाहेर ओढला, हुंगला.

"शेट, हा बिब्बा उतलाय," तो म्हणाला.

गेणूशेट म्हणाला, काहीतरीच, दाराला जन्मभर बांधतोय, दाराला कधी काही झालं नाही.

"दाराला कातडी नसते, शेट."

सोपानने आपली काळवंडलेली बोटं पुढे केली. कुणाचा कपडा कोणता ते कळावं म्हणून परीट लोक बिब्ब्याच्या तेलाने कपड्यावर खूण करतात. बिब्बा सुईने टोचला की ते काळं तेल बाहेर येतं आणि सवय नसलेल्या अंगाला लागलं की फोड उठतात, त्यालाच बिब्बा उतणं म्हणतात. पहिल्या वर्षी त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत सुजले होते. टोचलेल्या बिब्ब्याचं तेल दोऱ्यात मुरत होतं, कुत्रा ते नखाने अंगभर पसरवत होता, आणि तेल सुकत आलं की शनिवारी नवीन बिब्बा येत होता. सोपानने दोरा कापला. ओलं खोबरं वाटून लावायला सांगितलं.

गेणूशेटने सोपानला जळणाच्या दोन मोळ्या जास्तीच्या दिल्या आणि एवढंच सांगितलं की ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे. सोपानने मोळ्यांकडे पाहिलं, समोरच्या अनसामावशीच्या रिकाम्या घराकडे पाहिलं; तिच्यावरचा आळ त्याने गावात शिरतानाच ऐकला होता. परटाची भट्टी जळणाशिवाय पेटत नाही. तो मोळ्या उचलून गेला.

महिन्याभरात झिपऱ्याच्या अंगावर नवे केस आले. आता ऐका गंमत. गावाने काय म्हणावं? बाई गेली आणि कुत्रा बरा झाला! आधी ज्यांच्या मनात थोडा संशय होता, त्यांचाही फिटला. गेणूशेटच्या वखारीत बसून लोक हे बोलायचे आणि गेणूशेट ऐकून घ्यायचा. एकदाही त्याच्या तोंडून सोपानचं नाव निघालं नाही.

पुढे हिवाळ्यात तो लाकूड भरायला तिच्या भावाच्या गावी गेला. बरोबर गावातले दोन हमाल होते, गाडीमागे झिपऱ्या होता. गावात शिरताच झिपऱ्याला भाजलेल्या चण्यांचा वास आला आणि तो सुसाट पळाला. गेणूशेट धापा टाकत मागे पोचला, तेव्हा कुत्रा अनसामावशीच्या टोपलीसमोर शेपूट हलवत बसला होता. आणि ती दोन्ही डोळे घट्ट मिटून, वर पदर ओढून बसली होती.

"न्या त्याला, शेट," ती म्हणाली. "मी बघितलं नाही हं. बरा झालाय म्हणतात. माझी नजर पुन्हा लागायची."

तिलाही ते आता खरं वाटत होतं.

तिने डोळे न उघडताच टोपली चाचपली आणि मूठभर फुटाणे पुढे धरले. झिपऱ्याने ते तिच्या हातावरून खाल्ले, हात चाटला. तिच्या पदराखालून गालावर पाणी आलं. गेणूशेटच्या अगदी ओठांवर आलं होतं, मावशी, चूक माझी, बिब्बा उतला होता. एवढ्याने ती बाई डोळे उघडणार होती. पण पाठीशी दोन हमाल उभे होते. त्याने कुत्र्याच्या गळ्यात दोरी घातली आणि त्याला ओढत नेलं.

हमालांनी गावात आल्या आल्या सांगितलं, की बाईने आपल्या तोंडाने कबूल केलं. लोकांनी गेणूशेटला विचारलं. त्याने होय म्हणून मान हलवली.

तात्पर्य: दुखण्याचं कारण शोधताना आधी आपले हात तपासावेत. आणि चूक आपलीच निघाली, तर जिथे दुसऱ्यावर आळ घेतला त्याच चव्हाट्यावर उभं राहून ती सांगावी. जो गप्प राहतो त्याचा कुत्रा बरा होतो, पण निरपराध माणूस जन्मभर डोळे मिटून बसतो.