कौण्डलांचा बांधलेला हात

पूर्वी कृतयुगात, देव जेव्हा पाहुण्यासारखे पृथ्वीवर येत-जात, तेव्हा पयोदा नदीच्या तीरावर, कदंबांच्या छायेत आणि होमधूमाच्या सुगंधात महर्षी कौण्डलांचा आश्रम शोभत होता. मंत्र शिकवताना स्वर चढला की महर्षींचा उजवा हात वर जाई, उतरला की खाली येई; आणि त्या हातावर दृष्टी खिळवून म्हणणारा शिष्य कधी अडखळल्याचे कोणी ऐकले नव्हते. महर्षींना याचा अभिमान होता, आणि थोडाथोडका नव्हता!

पुढे शुष्काक्ष नावाच्या दैत्याने पयोदेला पर्वताच्या गुहेत शिळेआड कोंडले. आश्रमातल्या धेनू कोरड्या पात्रात उभ्या राहून हंबरू लागल्या. महर्षी त्याला अडवायला गेले, तेव्हा त्याने गर्जून शाप दिला, "मुने, यापुढे तुझ्या कंठातून एकही मंत्र उमटणार नाही!"

शिळा हटणार होती ती केवळ तिच्यासमोर अस्खलित म्हटलेल्या वरुणसूक्ताने. महर्षींनी आपला पट्टशिष्य ऋतघोष याला निःशंक मनाने आत पाठवले. परंतु गुहेतल्या मायावी अंधारात अग्नीही विझत होता. ऋतघोष थोड्याच वेळात मान खाली घालून परतला.

"गुरुदेव, सूक्त येते. पण आत आपला हात दिसेना, आणि स्वर सुचेना."

महर्षींना उमगले: ज्याला ते आपली कीर्ती समजत होते, ती शिष्यांना परक्याच्या ओंजळीने पाणी पाजण्याची सवय होती.

"वत्सा, दोष तुझा नाही. दर्भाची दोरी आण आणि माझे हात बांध!"

मग कठीण दिवस आले. ऋतघोष चुके, चिडे, गुरूंकडे आशेने पाही, महर्षींची बोटे दोरीत वळवळत, पण ते एवढेच विचारत, "तुला काय ऐकू आले? कुठे बिघडले?" हळूहळू शिष्य त्यांच्याकडे पाहण्याऐवजी डोळे मिटून स्वतःचा स्वर ऐकू लागला.

ऋतघोष पुन्हा गुहेत शिरला. महर्षी द्वाराशी कान लावून बसले. सूक्त निम्मे झाले आणि स्वर डळमळला. त्याच क्षणी जलाधिपती वरुण तेजोमय रूपात प्रकटला.

"कौण्डला, तुझा शाप मी आत्ता हरण करतो. तूच सूक्त पूर्ण कर. एका चुकीने धेनू मरतील!"

महर्षींच्या ओठांपर्यंत होकार आला होता. बांधलेला हात आपसूक उचलला गेला. तो त्यांनी गुडघ्यावर दाबून धरला.

"क्षमा असावी, देवा. तो अडखळला आहे, थांबलेला नाही. चूक त्याला ऐकू आली असेल, तर सुधारीलही तोच!"

 आत ऋतघोषाने सूक्त पुन्हा आरंभापासून धरले, आणि त्याचा स्वर निष्कंप चढत गेला. शिळा दुभंगली. पयोदा गर्जत बाहेर आली आणि तिच्या फेसातून, नखशिखान्त भिजलेला, हसणारा ऋतघोष!

वरुण प्रसन्न होऊन म्हणाला, "महर्षे, तुझा शाप गेला. तुझे व्रत मात्र या तीरावर अक्षय होवो."

म्हणून पयोदेच्या तीरावर परीक्षेच्या दिवशी शिष्य आधी गुरूचे हात दर्भाने बांधतो आणि मगच मंत्र म्हणतो. गाठ सैलच असते; हात सोडवायचे की नाही, हे गुरूने ठरवायचे असते.